मांडीवरचे हात

"सर म्हणाले, 'मी आहे.' म्हणून मी सोडलं, काकी."

गुणाजी हे इतक्या साध्या आवाजात बोलला की मालनने हातातलं काम आधी पुरं केलं. कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला, आणि मगच ते वाक्य तिच्यापर्यंत येऊन पोचलं. काय सोडलं, हे तिला विचारावं लागलं नाही. विमान शिकवणाऱ्या माणसाशी संसार केलेल्या बाईला तेवढं कळतं. शिकायच्या विमानात पुढच्या जागेवर मास्तर बसतो, मागच्या जागेवर शिकणारा. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एकेक दांडा, आणि ते दोन्ही दांडे खालून एकमेकांना जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो. त्यातला मागचा दांडा या मुलाने सोडला होता. पुढच्या जागेवर तिचा नवरा होता. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. जुहूच्या मैदानावरून समुद्राच्या अंगाला वर चढताना विमानाचं इंजिन बंद पडलं, विमान माडांपलीकडे जाऊन आपटलं, श्यामकांत जागच्या जागी गेले आणि मागे बसलेला गुणाजी धुरी मोडक्या पायानिशी वाचला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी विमान कोणाच्या हातात होतं ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. गुणाजीला काही आठवत नाही, असं आजवर सगळे सांगत आले होते.

"म्हणजे तुला आठवतंय," मालन म्हणाली.

"पहिल्यापासून आठवतंय. बोललो नाही, एवढंच." त्याने आखडलेला पाय हाताने उचलून स्टुलावर नीट ठेवला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. "परवा चौकशीला दिल्लीचे साहेब येणार आहेत. ते विचारणार, कंट्रोल कोणाकडे होता. मी काय सांगू? रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात. सर 'मी आहे' म्हणाले म्हणजे त्यांनी धरलं होतं, असंच ना? तुमच्याशिवाय कोणाला विचारू? तुम्हाला त्यांचं बोलणं ठाऊक."

तिला त्यांचं बोलणं ठाऊक होतं. या दोन शब्दांचा अनुभव तर जगात तिच्याइतका कोणालाच नसेल. सांताक्रूझच्या सासरच्या घरात ती नवी होती, तेव्हा सासूबाईंनी एकदा पंचवीस पानांचा स्वयंपाक तिच्यावर टाकला आणि स्वतः खोलीत जाऊन डोक्याला सुंठ लावून पडल्या. तिने रडवेल्या तोंडाने नवऱ्याकडे पाहिलं. "मी आहे," श्यामकांत म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून पेपर वाचत बसले. तिला वाटलं, आता हे उठतील, आईला काही बोलतील, निदान चुलीत लाकडं तरी घालतील. ते काही उठले नाहीत. भात खाली लागला, वरणात मीठ दोनदा पडलं, आणि ती मनातल्या मनात त्या पेपराची, त्या खुर्चीची, त्या माणसाची होळी करत होती. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्यांनी दिवसभरात पेपराचं पान उलटलं नव्हतं. त्यानंतर किती वेळा. ती एकटीने बँकेत गेली तेव्हा, घरी अभ्यास करून मॅट्रिकच्या परीक्षेला बसली तेव्हा, अंधेरीला आंबोलीच्या रस्त्यावर हे वरच्या मजल्याचं बिऱ्हाड केलं आणि घरमालकिणीशी भांडायची वेळ आली तेव्हा. "मी आहे" म्हणजे तू कर. मी इथून हलत नाही. पण करायचं तूच. "तुमच्या त्या 'मी आहे'चा काडीचा उपयोग नाही हो," असं तिने एकदा भाजी निवडताना म्हटलं होतं, तेव्हा ते इतके खूश झाले की फ्लाइंग क्लबातल्या चार जणांना त्यांनी ते सांगितलं. खूश व्हायचं त्यात काय होतं, कोण जाणे.

पण त्यांचं सगळं शिकवणंच त्यावर उभं होतं. आडनाव धैर्यवान, त्यामुळे क्लबात थट्टा ठरलेली. पोरं म्हणत, सर नुसते आडनावाने उडतात. श्यामकांत म्हणत, शिकवणाऱ्याला धैर्य लागतं ते एकाच गोष्टीसाठी, हात मांडीवर ठेवायला. विमान चांगलं उडवणारे ढिगाने असतात, त्यातले निम्मे शिकवायच्या लायकीचे नसतात, कारण पोराचं जरा वाकडं झालं की त्यांचा हात आपोआप दांड्याकडे जातो. पोराला ते कळतं. दांडा दांड्याला जोडलेला असतो, मास्तरांची शंका त्यातून सरळ त्याच्या तळव्यात उतरते, आणि मग तो पोरगा जन्मभर दोघांचं विमान उडवतो, एकट्याचं त्याला कधीच येत नाही. "मालन, विमान पडायला लागलं तरी मी थांबतो," ते म्हणत. "किती थांबायचं ते ज्याला कळतं, तो मास्तर." "आणि नाही कळलं तर?" असं तिने विचारलं असेल का? विचारलं असणारच. त्यावर ते काय म्हणाले ते मात्र आता तिला आठवेना. बहुतेक आमटी मागितली असेल.

जेवणं झाली की गॅलरीत दोन पाट मांडले जात, एकामागे एक. पुढच्या पाटावर ते, मागच्यावर ती. त्यांच्या हातात पळी, तिच्या हातात लाटणं. विमानात इंजिनाच्या आवाजापायी बोलायला रबरी नळी असते, तिच्याऐवजी बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा. नीला लहान होती, ती इंजिन व्हायची आणि गॅलरीभर गुरगुरायची. असे ते रोज एकेक विद्यार्थी तिला करून दाखवत. खरं तर तिलाच विद्यार्थी करत. आज तू मुलुंडचा श्यामसुंदर. म्हणजे लाटणं असं आवळायचं की बोटांची पेरं पांढरी पडली पाहिजेत, जसा कोणी विहिरीत उतरताना दोर धरावा. आज तू घाटकोपरचा जयंतीशेठ. वळण घेण्याआधी पेट्रोलचा खर्च विचारायचा, 'साहेब, आमां पेट्रोल केटलुं जाय?' एक जण नुसता घड्याळांकडे बघणारा होता, वेग दाखवणारं, उंची दाखवणारं. बाहेर डोकं काढून आकाश बघ म्हटलं की त्याला परक्याच्या घरात डोकावल्यासारखं व्हायचं. अनुपमा नावाची एक मुलगी होती, ती गात असली की सरळ जायची आणि गप्प झाली की डगमगायची. श्यामकांत तिला नळीतून सांगत, 'बाई, काहीतरी म्हणा.' तिचं एकटीने उडायचं दोन दिवसांवर आलं आणि लग्न ठरलं. ती पेढे घेऊन आली तेव्हा श्यामकांतांनी पेढा खाल्ला नाही, हातात धरून बसले. मालनला तेव्हा त्यांचा राग आला होता. मुलगी एवढी आनंदात, आणि ह्यांचं तोंड सुतक्यासारखं. नंतर कधीतरी कळलं, ती मुलगी जिन्यावर रडत गेली होती.

या खेळात मालनला नवरा दिसायचा तो फक्त मागून. मान, मानेवर कॉलरची रेघ, एका कानामागे तीळ. लग्नानंतर नाहीतरी बायकांना नवऱ्याची मानच जास्त पाठ होते, रस्त्याने ते पुढे चालतात. पण गॅलरीत ती मान बोलायची. ते हसले की कान वर जायचे. काळजी वाटली की मान ताठ व्हायची, आणि मग लगेच, मुद्दाम, सैल. तो मुद्दाम सैलपणा फक्त तिला ओळखू यायचा. मागे बसणाऱ्या पोरांना वाटायचं, सर किती निवांत.

गुणाजीची नक्कल त्यांनी कधी केली नाही. त्याच्या बाबतीत ते लाटणंही हातात घेऊ देत नसत. "बोट दे," म्हणाले होते, आणि तिच्या बोटावर आपलं बोट नुसतं टेकवलं होतं, फुलपाखराला बसू द्यावं तसं. "असा धरतो तो." परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेल्या बापाचा हा मुलगा, वेंगुर्ल्याकडचा, सांताक्रूझला विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून उडायला आला. लहानपणी आजोळी होडीचं सुकाणू धरायचा. कोणी शिकवण्याआधीच त्याचा हात शहाणा होता. "पंधरा वर्षांत असा हात पाहिला नाही," श्यामकांत म्हणाले. मग थोडं थांबून, "फक्त एक आहे. माझं फार ऐकतो." तिने विचारलं, ऐकतो हा काय दोष झाला? तर म्हणाले, एक दिवस त्याने माझं ऐकलं नाही पाहिजे. त्या दिवशी मी खाली उतरेन आणि म्हणेन, जा, एकटा जा. तो दिवस जवळ आला होता. दिवाळीचा फराळ देताना तिने त्याला विचारलंसुद्धा होतं, "काय रे, कधी जातोस एकटा?" आणि तो लाजून म्हणाला होता, "सर सांगतील तेव्हा."

"गुणाजीदादा, ही कुबडी मी चालवून बघू?" नीला आतून आली होती. चौदा संपून पंधरावं लागलेली, बोटं हिरव्या रंगाने भरलेली. आत शाळेचा नकाशा रंगवत बसली होती.

"मोड आणि दे," गुणाजी म्हणाला. "मग मला खांद्यावर घेऊन कांदिवलीपर्यंत जा."

"बापरे. टांगेवाला परवडला." तिने कुबडीवर दोन लंगड्या उड्या मारल्या. बाप गेल्यापासून ती पाहुण्यांसमोर अशीच जरा जास्त खोडकर व्हायची. मालनला ते पाहवत नसे आणि तिला थांबवतही येत नसे. "आई, शिवडा संपला का?" तिने मुद्दाम बोबडं विचारलं.

"चिवडा म्हण. आणि ती ठेव जागेवर. आत जा, रंग वाळेल."

नीला गेली. दार तिने नुसतं लोटलं. वरून एक विमान गेलं, सांताक्रूझला उतरणारं मोठं. त्याचा आवाज कपबशांत थरथरला. दोघंही नकळत मान वर करून आवाजावरून उंची जोखत बसली, आणि आपण दोघंही तेच करतोय हे कळल्यावर दोघांनीही खाली पाहिलं.

"मला सगळं सांग," मालन म्हणाली. "काय झालं ते."

"काही झालंच नाही, काकी. म्हणजे इतकं थोडं झालं. इंजिन खोकलं आणि गेलं. एकदम शांत. वारा तेवढा. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतसुद्धा येत होतं, सरांनी शंभरदा करून घेतलेलं. पण मी काहीच केलं नाही. नुसता सरांच्या मानेकडे बघत बसलो. ती काही हलली नाही. मग सर म्हणाले, 'गुणाजी, मी आहे.' घाई नाही, ओरडणं नाही, तुम्हाला माहीत आहे त्यांचं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी हात काढून घेतला. त्याआधी कधी काढला नव्हता."

"विमान आपल्याकडे घेताना इंग्रजीत सांगायचं असतं ना? 'आय हॅव कंट्रोल' असं. नियमच आहे तो."

"आहे."

"ते म्हणाले?"

"नाही. मला वाटलं, एवढ्या घाईत इंग्रजी कुठून आणणार. मराठीतच म्हणाले असं वाटलं."

मालनने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या कुंपणावर कोणाचा तरी धुतलेला परकर वाळत होता, त्यात वारा शिरला की तो फुगायचा आणि पुन्हा रिकामा व्हायचा. मराठीतच म्हणाले. साऱ्या महाराष्ट्रात 'मी आहे' म्हणजे तू काळजी करू नकोस, मी बघतो, असंच होतं. दवाखान्यात, स्मशानात, लग्नाच्या मांडवात कोणीही म्हणतं आणि ऐकणारा ओझं खाली ठेवतो. एक श्यामकांत धैर्यवान सोडले तर. त्यांच्या एकट्याच्या मराठीत तो शब्द उलटा होता, आणि तो उलटा अर्थ जगात एका बाईला ठाऊक होता, जी त्या वेळी घरी करंज्यांचा डबा उन्हात ठेवत होती. त्यांनी तो शब्द उच्चारला धीर द्यायला. पोराने दांडा सोडला तो शब्दावर विसंबून. ते मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिले की आता हा नाक खाली करेल, हा माझा सर्वांत चांगला, आता करेल. आणि हा मागे हात काढून त्यांच्या मानेकडे बघत राहिला. ती मान नक्की ताठ झाली असेल आणि मग मुद्दाम सैल. त्या सैल मानेने या पोराचा घात केला. दोघं एकमेकांच्या भरवशावर, आणि विमान कोणाच्याच हातात नाही. किती वेळ? एक श्वास. दुसऱ्या श्वासाला त्यांना कळलं असेल आणि ते पुढे वाकले असतील. तिला वाटलं, ओरडावं. कोणावर ओरडावं ते कळेना. मेलेल्या माणसाच्या बोलण्याच्या सवयीवर?

पण मग दुसरं एक आठवलं, जे ती सहसा आठवू देत नसे. नीलाच्या आधीचा मुलगा. घटसर्पाने गेला, सांताक्रूझच्या घरात, दुपारी. तिने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि ती देत नव्हती. सासूबाई, शेजारच्या बायका, डॉक्टर, सगळ्यांनी समजावून झालं. तिने हात सैल केला नाही. तेव्हा श्यामकांत तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मालन, मी आहे." आणि त्यांनी हात पुढे केले. साऱ्या आयुष्यात त्यांनी तिच्या हातून काही घेतलं असेल तर ते तेवढंच. आणि तिने सोडलं. म्हणजे एकदा तरी त्या शब्दाचा अर्थ सगळ्या जगाच्या मराठीतला होता. मग परत एकदा का नसेल? त्या दिवशी इंजिन गेल्यावर त्यांनी खरंच धरलं असेल. खरंच घेतलं असेल आपल्या हाती, आणि उशीर झाला असेल, किंवा हात चुकला असेल. पंधरा वर्षं मांडीवर ठेवलेले हात ऐन वेळी कसे वागतील, कोण सांगणार? आता ते कळायचा मार्ग नव्हता. ती स्वतःशी वाद घालत होती, आणि दोन्ही बाजूंनी तोच एक माणूस बोलत होता, तशाच ठाय आवाजात.

आपल्याला काय वाटतं ते तिला माहीत होतं. त्यांनी धरलं नव्हतं. शंभरातले नव्वद भाग ती तसं छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. ते तिने सांगितलं तर परवा कागदावर येणार: शिकणाऱ्याने ऐन वेळी दांडा सोडला. श्यामकांत धैर्यवान जसे होते तसे राहणार, ज्यांनी कधी कोणाच्या हातून काही हिसकावलं नाही ते चांगले मास्तर. आणि दुसरं सांगितलं तर उलटं. क्लबात उद्यापासून म्हणणार, एवढे मोठे शिकवणारे, स्वतःच्या हाताने पाडलं.

"काकी," गुणाजी म्हणाला, "माका खरां सांगा." त्याचा गावचा बोल सहसा या घरात बाहेर पडत नसे. "मी सरांका मारलंय काय?"

त्याच्यापुढे ठेवलेला कप त्याने उचलला होता. दोन्ही हातांनी. मालन त्या हातांकडे बघत राहिली. कप साधा, अर्धा रिकामा. पण त्याची बोटं त्याभोवती अशी आवळलेली होती की पेरं पांढरी पडली होती. हा तो हात होता, जो फुलपाखरासारखा टेकत असे. श्यामकांत हे बघायला असते तर काय म्हणाले असते, ते तिला माहीत होतं. काहीच म्हणाले नसते. हात मांडीवर ठेवून थांबले असते, पोराचं पोराला सावरू दे म्हणून. पण आता थांबण्याइतकी उंची उरलेली नाही, असं तिला दिसलं. आणि ती श्यामकांत नव्हती. ती त्यांच्याकडून पुष्कळ काही शिकली होती, एवढं एक सोडून.

"नाही रे," ती म्हणाली. "त्यांनी धरलं होतं. 'मी आहे' म्हणाले की ते धरतच. माझ्या हातूनसुद्धा त्यांनी असंच घेतलंय. तू सोडलंस ते बरोबर केलंस. सरांनी सांगितलं, तू ऐकलंस."

गुणाजीने कप खाली ठेवला, आणि दोन्ही तळव्यांत तोंड घालून बसला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मालन त्याच्या पाठीवर हात ठेवायला उठली आणि पुन्हा बसली. मग त्याने बाहीने नाक पुसलं आणि बाहेर माडांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काहीतरी आलं, जे तिने अपेक्षिलं नव्हतं. त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"पण मग त्यांनी नाक का नाही खाली घातलं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इंजिन गेलं की आधी नाक खाली, काकी. वेग गेला की संपलं." त्याने उजवा तळवा पसरून पुढे धरला आणि बोटांचं टोक अलगद उतरवलं. "असं. जास्त नाही. समोर ओहोटीची वाळू मोकळी होती, सरळ जाऊन बसवता आलं असतं. पाय मोडला असता फार तर. सरांनी नाक तसंच वर ठेवलं, म्हणून डावा पंख खाली गेला. हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात. सरच बजावायचे आम्हाला."

"चुकले असतील."

"चुकलेच. एवढा वेळ होता." तळवा पुन्हा उतरला, या वेळी जरा डावीकडे कलून, आणि सरळ झाला. "बघा, इथपर्यंत वेळ होता."

"हो."

"वय झालं की हात मंदावतो म्हणतात."

"हो," मालन म्हणाली. हवेत तरंगणाऱ्या त्या हाताकडे ती बघत होती. एकेक बोट सुटं, हलकं, शहाणं. श्यामकांतांनी त्यात घातलेलं सगळं त्यात होतं, जराही न सांडता, आणि तो हात आता त्यांची चूक त्यांच्या बायकोला नीट समजावून सांगत होता. शाळेत मास्तरांसमोर नापास मुलाची आई बसते तशी ती प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली.

"परवा असंच सांगतो मग," तो उठताना म्हणाला. कुबड्या काखेत घेतल्या. "सरांचं नाव... म्हणजे, चालेल ना?"

"खरं तेच सांगायचं असतं," मालन म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं, किती सरळ निघाला.

तो जिन्याकडे वळला, आणि आतल्या खोलीचं लोटलेलं दार पूर्ण उघडलं. नीला उंबऱ्यात उभी होती. बोटांवरचा हिरवा रंग वाळून भेगाळला होता. किती वेळ उभी होती, ते तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

"बाबांनी घेतला होता दांडा?"

"हळू बोल. तो जिन्यात आहे."

"ते तर कधीच कोणाचा घेत नसत. ते गेले तेव्हा सगळी मुलं इथे बसून तेच तर सांगत होती."

कुबड्या एकेक पायरी उतरत होत्या. तो फाटकाबाहेर गेला की पोरीला जवळ घेऊन खरं सांगायचं, असं मालनने ठरवलं. पायऱ्या संपल्या. अंगणातली वाळू वाजली. पण मग ही ते मनात ठेवील का? आणि ठेवलं, तर कागदावरचा एक बाप आणि मनातला एक बाप, असे दोन घेऊन ही मुलगी जन्मभर फिरेल, आणि कोणी भलतंसलतं बोललं की एक दिवस खरं ओकेल, ते फिरून गुणाजीच्या त्या हातापर्यंत जाईल. फाटकाची कडी वाजली. टांगेवाल्याने घोड्याला हाक दिली.

"त्या दिवशी घेतला," मालन म्हणाली.

नीलाने नखाने बोटावरचा रंग खरवडला. "मला सायकल शिकवली तेव्हा दोनदा पडले मी, घोडबंदर रोडवर. हनुवटी फुटली. नुसते उभे होते. पुढे आलेसुद्धा नाहीत." तिचा आवाज खाली आला. "माझी नाही कधी धरली. आणि ह्याचा घेतला?"

"तुझी त्यांना खात्री होती, म्हणून नाही धरली."

"आणि गुणाजीदादाची नव्हती?"

टांगा वळणापाशी पोचला होता. मालनला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, आणि टपाच्या बाहेर आलेला, हलके दांडीवर टेकलेला एक हात. श्यामकांतांना उभ्या जन्मात कोणाची खात्री वाटली असेल, तर ती या हाताची. त्या खात्रीपायीच ते एक श्वास जास्त थांबले होते.

"नव्हती," ती म्हणाली.

नीलाचा चेहरा निवळला. "मला वाटलंच," ती म्हणाली, आणि नकाशा पुरा करायला आत गेली.